कारखान्यातल्या उकाड्यावर कूलिंग जॅकेट: कुठलं चालतं, कुठलं खुंटीला लागतं

‘कूलिंग जॅकेट’ या एका नावाखाली निदान पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात: पाण्यात भिजवून घालायचं, बर्फाच्या पाकिटांचं, पीसीएमच्या (वितळताना उष्णता शोषणाऱ्या पदार्थाच्या) पाकिटांचं, कमरेला पंखे बसवलेलं आणि कॉम्प्रेस्ड एअरच्या नळीवर चालणारं. पाचही अंगाला गारवा देतात, त्यात खोटं काही नाही. पण एकाला कोरडी हवा लागते, दुसऱ्याला फ्रीझर, तिसऱ्याला ठिणग्या नसलेली जागा. चुकीच्या खात्यात वाटलेलं जॅकेट आठवडाभरात खुंटीला लागतं आणि मग सेफ्टी मीटिंगमध्ये ‘कामगार वापरतच नाहीत’ अशी तक्रार होते. बहुतेक वेळा कामगाराचं म्हणणं बरोबर असतं: ते जॅकेट त्याला गार करण्याऐवजी उकडवत असतं.

इथे ब्रँडची तुलना नाही. एकाच प्रकारातल्या दोन ब्रँडमध्ये जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक प्रकारा-प्रकारात असतो. प्रकार चुकला की महागातलं महाग जॅकेटही उपयोगाचं नाही.

आधी अंगातल्या उष्णतेचा हिशेब

मध्यम मेहनतीच्या कामात, म्हणजे उभ्यानं जुळणी करणं, माल उचलून ट्रॉलीत भरणं, हातोडा-पाना चालवणं, शरीर साधारण ३०० वॅट उष्णता तयार करतं. फावड्यानं वाळू ओढणं, जड साचे हलवणं अशा कामात हा आकडा ४०० च्या वर जातो. ही उष्णता बाहेर पडली नाही तर आतलं तापमान चढत राहतं. दिवसभराच्या कामात ते ३८ अंशांच्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे.

हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंश ओलांडले, की हवेकडून अंगाला उष्णता मिळायला लागते. मग बाहेर पडायला घाम हा एकच मार्ग उरतो. मार्ग मात्र जबरदस्त आहे. एक लिटर घाम तासाभरात पूर्ण वाळला तर सुमारे ६७५ वॅटच्या दरानं उष्णता घेऊन जातो. ‘वाळला तर’ हे इथे महत्त्वाचं. ओघळून फरशीवर टपकलेला घाम पाणी आणि मीठ तेवढं नेतो, उष्णता जवळजवळ काहीच नेत नाही.

त्यामुळे कुठलंही जॅकेट हातात घेताना पहिला प्रश्न ‘किती गार लागतं’ हा नको. हे घामाचं काय करतं, ते विचारा. धडाचा भाग म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जवळपास तिसरा हिस्सा. तेवढा झाकून टाकणारी वस्तू आधी घामाची वाट अडवते आणि मग स्वतःचा गारवा देते. दिलेलं अडवलेल्यापेक्षा जास्त असेल तरच व्यवहार फायद्याचा.

मीटर नसेल तर जॅकेट घेऊ नका

साध्या थर्मामीटरवर निर्णय घेता येत नाही. डब्ल्यूबीजीटी हा तापमान, ओल, धग आणि वारा यांचा एकत्रित निर्देशांक मोजणारं उपकरण लागतं. यॅग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी तो १९५७ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या प्रशिक्षण छावण्यांसाठी मांडला आणि आयएसओ ७२४३ हे आंतरराष्ट्रीय मानक आजही त्यावरच उभं आहे. छताखाली, थेट ऊन नसताना सूत्र सोपं आहे: ओल्या बल्बचं (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) नैसर्गिक तापमान गुणिले ०.७, अधिक काळ्या गोळ्याचं (धग मोजणाऱ्या, आत थर्मामीटर असलेल्या पोकळ गोळ्याचं) तापमान गुणिले ०.३. उन्हात हवेच्या तापमानाला ०.१ वाटा मिळतो आणि गोळ्याचा ०.२ होतो.

मर्यादा कामाच्या जडपणावर ठरतात. उकाड्याला सरावलेल्या माणसाला हलक्या कामासाठी ३०, मध्यम कामासाठी २८, जड कामासाठी २६ अंश. न सरावलेल्याला हेच आकडे २९, २६ आणि २३. जड कामाचा फरक बघा: त्याच जागी, त्याच यंत्रावर, नव्या माणसाची मर्यादा तीन अंशांनी खाली येते.

एक उदाहरण करून बघू. भट्टीशेजारच्या जागी ओला बल्ब २७ आणि काळा गोळा ४२ दाखवतोय. १८.९ अधिक १२.६, म्हणजे ३१.५. मध्यम कामासाठी हे साडेतीन अंशांनी जास्त. आता भट्टी आणि कामगार यांच्यामध्ये चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा उभा केला आणि गोळा ३६ वर आला, तर आकडा २९.७ होतो. एका पत्र्यानं १.८ अंश कमी झाले, तेही प्रत्येक शिफ्टला, चार्जिंग न करता. जॅकेटच्या खरेदीचा कागद पुढे सरकवण्याआधी हा पत्रा, गळक्या वाफेच्या नळीचं इन्सुलेशन आणि बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन यांचा निकाल लावा. जॅकेट ही शेवटची पायरी आहे; ती पहिली केली की पैसे जातात आणि उकाडा तिथेच राहतो.

खिशात मावणाऱ्या मीटरबद्दल एक खबरदारी. मानकातला काळा गोळा १५० मिलिमीटर व्यासाचा आहे, हातातल्या मीटरचा साधारण ४० ते ५०. लहान गोळ्यावर वाऱ्याचा परिणाम जास्त होतो, म्हणून तो भट्टीची धग कमी दाखवतो. धगीच्या खात्यात मोठा गोळा वापरा, किंवा उत्पादकानं दुरुस्ती दिली आहे का ते तपासा. आणि मीटर हातात धरताच आकडा टिपून घेऊ नका. लहान गोळा स्थिरावायलाही काही मिनिटं लागतात, मोठ्याला वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त.

भिजवून घालायचं जॅकेट

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात हलकं आणि म्हणून सगळ्यात जास्त चुकीच्या ठिकाणी खपणारं. आत एकतर पाणी धरून ठेवणारं कापड असतं, नाहीतर पाणी शोषून फुगणारे पॉलिमरचे कण. भिजवायचं, पिळायचं, घालायचं. पाणी वाळताना गारवा.

हे जॅकेट किती गार होऊ शकतं याला निसर्गानंच मर्यादा घातली आहे: ओल्या बल्बच्या तापमानाखाली ते जाऊच शकत नाही. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर ती मर्यादा २३ च्या आसपास येते. त्वचेच्या ३५ शी तुलना केली तर बारा अंशांचा फरक, म्हणजे उत्तम. हवा ३४ अंश पण आर्द्रता ७५ टक्के असेल तर मर्यादा ३० वर अडकते. फरक पाच अंशांचा, आणि वाळण्याचा वेगही मंदावलेला. धुलाई, रंगाई, वाफेची यंत्रं, बॉयलरच्या आसपासची खाती, जिथे जिथे हवेत आधीच ओल आहे, तिथे हे जॅकेट घालणं म्हणजे अंगावर ओलं घोंगडं घेणं. साधारण ५० टक्क्यांच्या खाली आर्द्रता असेल तर घ्या. ६० च्या वर नाद सोडा. मधल्या पट्ट्यात वारा कसा आहे त्यावर ठरवा, कारण वारा नसलेल्या कोपऱ्यात कोरड्या हवेतही ते धड वाळत नाही.

ताकदीचा अंदाज: जॅकेटात धरलेलं ७०० मिलिलिटर पाणी चार तासांत वाळलं तर सरासरी ११८ वॅट. पण हे पाणी बाहेरच्या पृष्ठभागावरून वाळतं आणि उष्णतेचा मोठा वाटा अंगाकडून न घेता बाहेरच्या हवेकडूनच घेतं. अंगाला मिळणारा फायदा त्याहून बराच कमी धरा.

पॉलिमरच्या कणांबद्दल माहितीपत्रकात न सापडणारी गोष्ट म्हणजे पाण्याचा कठीणपणा. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या कणांचं फुगणं कमी करतं. त्यामुळे तेच जॅकेट एका कारखान्यात अर्धा दिवस ओलं राहतं आणि दुसऱ्यात जेवणाच्या सुट्टीआधी कोरडं पडतं. भिजवायला सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यातलं सोडियमही थोडाफार त्रास देतं. आरओचं पाणी मिळालं तर उत्तम. सूचनेपेक्षा जास्त वेळ भिजवलं तर कण इतके फुगतात की शिवण ताणली जाते, जॅकेट दगडासारखं जड होतं आणि कणांचा चोथा मधल्या पट्टीत साचतो.

दोन ठिकाणी हे जॅकेट पूर्णपणे वर्ज्य आहे. पहिलं, वितळलेला धातू. धातूवर पडलेलं पाणी क्षणात वाफ होऊन स्फोटासारखं उडतं. ओतकामाच्या जागी थेंब गळणारं कापड कुणाच्याही अंगावर नको. शिवाय प्रखर धगीत ओल्या कापडातलं पाणी तापून अंग भाजण्याचा धोका वेगळाच. दुसरं, आर्क वेल्डिंग. ओले कपडे आणि उघडा इलेक्ट्रोड ही जोडी शॉक देते.

स्वच्छतेचा भाग कंटाळवाणा, पण जॅकेट खुंटीला लागण्याचं हे एक मोठं कारण आहे. शिफ्ट संपल्यावर ओलं जॅकेट लॉकरमध्ये कोंबलं की तीन-चार दिवसांत वास, मग बुरशी, मग पाठीवर पुरळ. प्रत्येकाचं वेगळं, नाव घातलेलं, रात्री हवेशीर दोरीवर वाळत. एकच जॅकेट दोन शिफ्टमध्ये फिरवायचं असेल तर ते घेऊच नका.

पीसीएमची पाकिटं: आकडा लहान, पण जागा बरोबर

पीसीएम म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणारा पदार्थ: पॅराफिन, वनस्पतिजन्य तेलांपासून केलेले पदार्थ, किंवा पाणी धरलेले क्षार. वितळताना तो उष्णता शोषतो आणि तेवढा वेळ त्याच तापमानाला टिकून राहतो. पाकिटं जॅकेटच्या आतल्या खिशांत बसतात.

जाहिरातीतला ‘दोन ते तीन तास गारवा’ खरा असतो. प्रश्न किती गारवा हा आहे. जॅकेटात दोन किलो पदार्थ असेल आणि किलोला साधारण २०० किलोज्यूल शोषले जात असतील तर एकूण ४००. दोन तासांत वितळलं तर सरासरी ५५ वॅट. त्यातलाही काही भाग बाहेरच्या गरम हवेनंच खाल्लेला. ३०० वॅटमधून पन्नासच्या आत-बाहेर, म्हणजे सहावा हिस्सा. आणि त्यासाठी दोन-अडीच किलो वजन अंगावर वागवायचं.

उघड्या खात्यात, जिथे वारा आहे आणि सुती शर्टातून घाम वाळतो, तिथे हा व्यवहार बहुधा बरोबरीत सुटतो. पण केमिकलचा हवाबंद सूट, रंगकामाचा ओव्हरऑल, अॅस्बेस्टॉस काढतानाचे कपडे अशा ठिकाणी घाम वाळतच नाही. हवा आणि वाफ अडवणाऱ्या सूटसाठी डब्ल्यूबीजीटीमध्ये ११ अंशांपर्यंत भर धरण्याची शिफारस आहे, यावरून त्या सूटच्या आत काय होतं याची कल्पना यावी. तिथे ते ५५ वॅट सोन्याच्या मोलाचे. पीसीएमची खरी जागा हीच: सूटच्या आत, पातळ बनियनवर, अंगाला घट्ट.

वितळण्याचं तापमान नीट निवडा. २८-२९ अंशांची पाकिटं सुखद लागतात, नळाच्या बऱ्यापैकी गार पाण्यातही गोठतात, पण त्वचेशी फरक सहा-सात अंशांचाच, म्हणून उष्णता हळू ओढतात. हलक्या कामाला ठीक. मध्यम कामाला १८ ते २१ अंशांची घ्या. १५ च्या खालची पाकिटं ताकदवान, पण बाहेरची गरम हवा त्यांना लवकर संपवते, त्यामुळे जॅकेटच्या बाहेरच्या बाजूला इन्सुलेशनचा थर आहे का ते बघून घ्या.

बिघाड कुठे होतो? एक, अर्धवट गोठलेलं पाकीट. बाहेरून टणक लागतं, मध्यभागी पातळच असतं आणि पाऊण तासात संपतं. पाकिटं एकावर एक रचून गोठवली की हमखास असं होतं; सपाट, सुटी, मध्ये पाणी किंवा हवा खेळेल अशी ठेवा. दोन, गोठलेलं पाकीट वाकवलं की कडेची शिवण फुटते. घड्या घालून बादलीत कोंबू नका. तीन, क्षारांची पाकिटं बरेच फेरे झाल्यावर थर सुटून कमी गोठायला लागतात. काही वेळा गोठणबिंदूच्या खाली जाऊनही पातळच राहतात. चार, पॅराफिन आणि तेलाचे पदार्थ जळतात. गॅस कटिंग, भट्टी, ठिणग्यांची जागा असेल तर क्षारांची पाकिटं घ्या, आणि तीही आगरोधक कापडाच्या जॅकेटात.

बर्फाची पाकिटं

किलोला ३३४ किलोज्यूल, म्हणजे कागदावर सगळ्यात भारी. वास्तवात शून्य अंशाचा पदार्थ अंगाला लावला की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतली उष्णता बाहेर आणणारं रक्तच त्वचेपर्यंत कमी येतं. शिवाय दव धरून कपडे ओले, आणि पातळ कपड्यावर थेट लागलं तर त्वचेला इजा. अर्ध्या-पाऊण तासाचं तीव्र काम, उदाहरणार्थ भट्टीच्या दुरुस्तीसाठी आत जाणं, यापुरतं ठीक. दिवसभरासाठी नाही.

पंख्यांचं जॅकेट

जपानमध्ये जन्मलेली आणि तिथल्या बांधकामांवर सर्रास दिसणारी ही कल्पना घामाला अडवत नाही, उलट त्याला वाळवते, म्हणून मला ती पाचांत सगळ्यात शहाणी वाटते. कमरेच्या मागे दोन पंखे बाहेरची हवा आत ओढतात, ती हवा पाठीवरून वर चढते आणि कॉलर व बाह्यांतून बाहेर पडते. काम सगळं घामच करतो. म्हणजेच माणसानं पाणी प्यायला हवं; वाळणारा घाम डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ‘आज घाम आला नाही’ असं वाटून पाणी कमी पिण्याची चूक इथे हमखास होते.

पॅकिंग, गोदाम, लोडिंग, जुळणी यांना हे जॅकेट छान. हवा ३५ च्या वर असली तरी कोरडी असेल तर चालतं. गरम आणि दमट एकत्र आलं की मात्र पंखे अंगावर उष्णताच फेकतात. ग्राइंडिंग आणि वेल्डिंगच्या जागी ठिणग्या थेट आत खेचल्या जातात, तिथे सक्त मनाई. सिमेंट, काचतंतू, लाकडाचा भुसा अशी धूळ असेल तर ती कपड्याच्या आत अंगभर चिकटते. ज्वलनशील वाफा असतील तिथे साधी मोटर आणि बॅटरी नेता येत नाही. लेथ, ड्रिल, कन्व्हेयर यांच्याजवळ फुगलेलं कापड रोलरमध्ये अडकू शकतं. उंचीवर कामासाठी वरून हार्नेस आवळला तर हवेची वाटच बंद होते. हार्नेस आतून घालता येईल अशी खास रचना असलेलंच घ्यावं.

कंबरेचं इलॅस्टिक सैल झालं की हवा खालूनच निसटते आणि ‘पंखा फिरतोय पण गार लागत नाही’ अशी तक्रार येते. इलॅस्टिक बदला, पंखा नाही. बॅटरीचा दावा सर्वात कमी वेगावरचा असतो. पूर्ण वेगावर ती शिफ्टच्या निम्म्यावर संपू शकते, म्हणून प्रत्येकी एक जादा बॅटरी हिशेबात धरा.

नळीवरचं जॅकेट

कॉम्प्रेस्ड एअर व्हॉर्टेक्स ट्यूबमधून, म्हणजे हवेला आत गरगर फिरवणाऱ्या नळीतून, गेली की तिचे दोन प्रवाह होतात, एक गार आणि एक तापलेला. जॉर्ज रांक या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात दाखवलेला हा परिणाम. गार प्रवाह जॅकेटात सोडायचा. बॅटरी नाही, पाकिटं नाहीत, हवाबंद सूटच्या आतही चालतं आणि कोरडी हवा घामही वाळवते. शॉट ब्लास्टिंग, टाकीच्या आतलं काम, एका जागी उभं राहून करायचं काम यासाठी याला तोड नाही.

अडचणी तीन. माणूस नळीला बांधला जातो. ट्यूबचं गरम टोक कमरेशी असतं, त्याला जाळी हवी. आणि हवा फार खाते: एका जॅकेटला मिनिटाला ५०० लिटरच्या आसपास, सात बारच्या दाबाला. तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर साधारण साडेतीन किलोवॅट ओढतो. दहा माणसांना दिलं की ३५ किलोवॅट, आणि त्याच लाइनवरच्या न्यूमॅटिक टूल्सचा दाब पडतो. तेलाचा फिल्टर न लावता कारखान्याची सरसकट हवा अंगात सोडू नका.

जॅकेट काय लपवतं

त्वचा गार झाली की माणसाला बरं वाटतं. आतलं तापमान त्याच प्रमाणात उतरलेलं असतंच असं नाही. म्हणून जॅकेट घातलेला माणूस विश्रांती टाळतो, वेग वाढवतो आणि धोक्याची पहिली खूण पुसली जाते. जॅकेट दिलं म्हणून विश्रांतीची वेळ कापणं ही या उत्पादनाच्या वापरातली सगळ्यात घातक चूक.

खुणा सगळ्या शिफ्टला पाठ हव्यात. पोटरीत, पोटात गोळे येणं. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, प्रचंड थकवा. लघवी गडद आणि कमी. इथपर्यंत सावली, पाणी, क्षार आणि आराम. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडला, अडखळला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. अंगाला घाम असला तरी उष्माघातच. कष्टाच्या कामातल्या उष्माघातात घाम सुरू असू शकतो. वारंवार होणाऱ्या निर्जलीकरणाचा मार मूत्रपिंडांवर बसतो, आणि तो महिनोन्महिने कळत नाही. लघवी वाढवणारी औषधं, बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराच्या गोळ्या), काही अॅलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्यांना उकाडा लवकर बाधतो. त्यांची कंपनीच्या डॉक्टरकडे नोंद हवी.

उष्माघात झालेल्याला कूलिंग जॅकेट घालून अँब्युलन्सची वाट बघत बसू नका. सत्तर किलोच्या माणसाचं तापमान ४१.५ वरून ३९ वर आणायला सुमारे ६०० किलोज्यूल काढावे लागतात. ५५ वॅटच्या जॅकेटला त्यासाठी तीन तास लागतील. हातात अर्धा तास असतो. बर्फाच्या पाण्याचा टब, तो नसेल तर होजनं सतत पाणी आणि वर पंखा. आधी गार करा, मग हलवा. अँब्युलन्सला फोन मात्र पहिल्याच मिनिटाला.

पाण्याचा नियम जॅकेटनं बदलत नाही: दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, साधारण २४० मिलिलिटर. तासाला दीड लिटरच्या वर नको, रक्तातलं सोडियम घसरतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उकाड्यात २० टक्केच काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. सुट्टीवरून परतलेल्या जुन्या माणसाला पहिल्या चार दिवसांत अनुक्रमे ५०, ६०, ८०, १०० टक्के.

खरेदीआधीची चाचणी

कामगारांना ‘बरं वाटलं का’ एवढंच विचारून ऑर्डर देऊ नका, उत्तर नेहमी ‘हो’ येतं. एकच काम, जवळपास सारखा डब्ल्यूबीजीटी, काही दिवस जॅकेट घालून आणि काही दिवस न घालता. दोन गोष्टी मोजा. विश्रांतीला बसताच ३० सेकंद नाडी मोजून दुप्पट करा. ११० च्या वर असेल तर पुढचा कामाचा टप्पा एक तृतीयांशानं कमी करायचा, असा जुना आणि उपयोगी नियम आहे. दुसरं, शिफ्टच्या आधी आणि नंतर वजन. दीड टक्क्याहून जास्त घटलं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं एक किलोच्या वर, तर पाणी कमी पडतंय. जॅकेटच्या दिवसांत नाडी उतरली नाही तर ते जॅकेट त्या खात्याचं नाही. मापं तीन तरी मागवा. सैल जॅकेटातली पाकिटं अंगाला टेकत नाहीत आणि गारवा हवेतच जातो.

पीसीएम घेणार असाल तर शेवटचं काम कॅल्क्युलेटरवर करायचं आहे. वीस कामगार, प्रत्येकी ४०० किलोज्यूलची पाकिटं, वर पातळ अवस्थेतून गार करायला आणखी शंभरेक. एक फेरी गोठवायला दहा हजार किलोज्यूल काढावे लागतात. दोन तासांत पुढची फेरी हवी असेल तर सुमारे १,४०० वॅट उष्णता खेचणारं यंत्र लागेल. दुकानातला साधा डीप फ्रीझर १०० ते १५० वॅटच खेचतो. त्याच्या पाटीवर ‘२४ तासांत इतके किलो’ असं लिहिलेलं असतं ते याच अर्थानं. म्हणून दुपारनंतर पाकिटं मऊच निघतात. पर्याय दोन: शिफ्टभराचे चारही संच आदल्या दिवशी गोठवून ठेवायचे, नाहीतर बर्फाच्या पाण्याचं टाकं. टाक्याला एका माणसाच्या एका फेरीला दीड किलो बर्फ हिशेबानं, गळती धरून दोन किलो. वीस माणसं, चार फेऱ्या, १६० किलो बर्फ रोज. तो कोण आणणार आणि कुठे उतरवणार, हे परचेस ऑर्डरवर सही होण्याआधी ठरलेलं असू द्या.